मिरचीचं बाळंतपण

कामतघरच्या वस्तीत कलावती कुठे राहते असं विचारलं, तर कोणी बोट दाखवायचं नाही. "जरा उभे राहा, आवाज येईल," एवढंच सांगायचे. आणि यायचा. दोन्ही अंगांना लूमची खटखट चालू असताना जिचा आवाज चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जातो, त्या बाईच्या फुप्फुसांना मानलंच पाहिजे. लूमशी भांडायचं तर लूमपेक्षा मोठं बोलावं लागतं, हे ती कांडी भरायला लागली त्याच आठवड्यात शिकली. कांडी म्हणजे धोट्यात बसते ती सुताची नळी. कारखान्यात पुरुष लूम चालवायचे, बायका कांड्या भरायच्या, आणि दोघांच्या वाट्याच्या नफ्याची मोजदाद शेठ करायचा.

माहेर गणेशपुरीकडचं. बाप दुसऱ्याच्या भातात राबला, पण पोरीला चौथीपर्यंत शाळेत बसवलं. पुढचं शिक्षण कलावतीने भजी बांधून आलेल्या वर्तमानपत्रांवर केलं. त्यामुळे तिच्या ज्ञानात जागोजागी तेलाचे डाग होते. जिथे कागद पारदर्शक झाला तिथे बातमी अर्धी राहिली. उरलेली अर्धी ती स्वतः लावायची आणि भांडणात पुरी करून वापरायची. नळाला पाणी आलं ते याच पद्धतीने. नगरपालिकेतल्या साहेबाला तिने एक कायदा ऐकवला होता, जो नक्की कुठला ते साहेबाला कळलं नाही आणि तिलाही. पण नळ आला.

नवरा दौलत. एसटीच्या डेपोत हेल्पर. दिवसभर गाडीखाली पाठ टेकून पडायचं आणि संध्याकाळी तंबाखू मळत ओट्यावर बसायचं. बोलण्याचा आपला वाटा त्याने लग्नातच बायकोच्या नावावर करून दिला होता आणि त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

कलावतीची जायदाद म्हणजे दारासमोर ओळीने मांडलेले तेलाचे पत्र्याचे डबे. त्यात मिरची. आईने गणेशपुरीहून आणून दिलेल्या बियाण्याची, बोटाच्या पेराएवढी, आभाळाकडे तोंड करून लागणारी. ही मिरची तोडताना वाकायचं नसतं, असं कलावती अभिमानाने सांगायची, जणू ती सवय मिरचीने तिच्याकडूनच घेतली होती. चौदा एप्रिलला वस्तीत जयंतीचं जेवण असे, त्यात ठेचा कलावतीचा. जेवण कोणी रांधलं हे लोक विसरायचे. ठेचा कोणाचा होता हे दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी विसरूच शकत नसे. बी मात्र ती कोणाला देत नसे. समोरच्या खोलीतली रंगूबाई दरवर्षी मागायची आणि दरवर्षी दोघी दोन दिवस अबोला धरायच्या.

ही रंगूबाई मूळची शेलारची. आगरी घरातली, भाजीच्या वाफ्यात वाढलेली, आता टोपलीत सुकी मासळी घेऊन फिरणारी. तिची जीभ माशाच्या काट्यासारखी. दिसायची नाही, टोचल्यावर कळायची.

सत्त्याऐंशी सालच्या फेब्रुवारीत कलावतीच्या मिरच्या रुसल्या. शेंडे मुडपले, पानं वाटीसारखी आत वळली, फूल फळ धरायच्या आधीच गळायला लागलं. देठांच्या बेचक्यात पांढरं पांढरं काहीतरी साचलेलं.

आता कामतघरात पांढरं दिसलं की ती रुई. लूमच्या शेडमधून दिवसरात्र रुई उडायची. ती भुवयांवर बसायची, वरणात पडायची, नव्या नवरीच्या केसांत बसून तिला आठवड्यात म्हातारी करायची. वाळत घातलेल्या पापडाला तर मिशा फुटायच्या. त्यामुळे पांढरं काय आहे हे बघायला कोणी वाकत नसे. कलावतीही वाकली नाही. तिने मान वर केली आणि चाळीमागच्या शेडच्या उघड्या खिडक्यांकडे बघितलं.

"माझ्या मिरचीचा गळा दाबतोय हा केसरीनाथ," ती म्हणाली, आणि पदर खोचला.

दौलत ओट्यावरून म्हणाला, "अगं, आधी नीट बघ तरी."

"काय बघायचं? डोळ्यात रुई गेली म्हणून दिसायचं थांबलंय का मला?"

दौलतने तंबाखूला चुना लावला. त्याच्या दृष्टीने चर्चा संपली होती.

केसरीनाथ शेठ त्या शेडचा, म्हणजे कलावती कांड्या भरायची त्याच कारखान्याचा मालक. बापाच्या वेळेस तिथे भात पिकायचं, याच्या वेळेस ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कोरं, कापड पिकत होतं. पांढरा सफारी, गळ्यात चेन, आणि समोर बाई माणूस उभं राहिलं की एकदम छताकडे बघायची सवय. त्या दिवशी त्याला बराच वेळ छताकडे बघावं लागलं, कारण कलावतीच्या मागे अख्खी चाळ आली होती.

"शेठ, तुमची रुई आमच्या ताटात येते, गप्प बसलो. पोरांच्या नाकात जाते, गप्प बसलो. आता मिरचीच्या नाकात गेली!"

"मिरचीला नाक कवा आला गो?"

"तुम्हाला कान असते तर मिरचीपर्यंत जायची पाळी आली नसती!"

बायका हसल्या. आतून यासीनचाचा खोकत बाहेर आला. यासीनचाचा हा शेडमधला सगळ्यात जुना कारागीर, तरणा असताना उत्तरेकडून आलेला. इतका खोकायचा, की लोक त्यावर पाळी बदलल्याचं ओळखायचे. तो दाराला टेकून म्हणाला, "सेठ, बहन सच बोल रही है. अंदर तो हम लोग रुई ही खा के जी रहे हैं."

"तू मधी बोलू नको चाचा. जा, लूम बघ."

"जी," म्हणत चाचा तिथेच उभा राहिला.

कलावतीची मागणी साधी होती. खिडक्यांना गोणपाटाचे पडदे लावा आणि ते ओले ठेवा, म्हणजे रुई आतच बसेल, नाहीतर गोणपाटाला चिकटेल. शेठने हिशेब केला. गोण्या फुकट पडलेल्या होत्या, पाणी मारायला माणूस मात्र फुकट नव्हता. बायका हलायला तयार नव्हत्या. शेवटी त्याने सगळ्यांसमोर डाव टाकला.

"पडदे लावतू. पन पानी तुमी मारायचा. आन् एक सांगून ठेवतू, तू बोलतेस रुईनं मिरची मेली. बरा. जयंतीच्या दिशी मी जेवाला येतू. तुज्या मिरचीचा ठेचा ताटात पडला तर पडदे राहतील. नाय पडला तर पडदे उतरतील, आन् पुन्ना माझ्या दारात आवाज करायचा न्हाय. कवाच न्हाय. हाय कबूल?"

"कबूल!" कलावती म्हणाली. इतक्या जोरात, की मागे फिरायला जागाच उरली नाही.

पडदे लागले. दर पाळीला बायका बादल्या घेऊन जायच्या आणि गोणपाट चिंब करून यायच्या. हात दुखायचे, पण चार दिवसांत फरक दिसला. पापडांच्या मिशा गेल्या. वरण पिवळं दिसायला लागलं. यासीनचाचाचा खोकला इतका उतरला की दुसऱ्या पाळीवाले उशिरा यायला लागले. सगळी चाळ कलावतीकडे कौतुकाने बघायची आणि कलावती मिरचीकडे बघायची.

मिरची जशीच्या तशी. उलट जास्त पांढरी.

एका दुपारी, सगळे कामाला गेले असताना, ती उकिडवी बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पांढऱ्याकडे नीट बघितलं. फुंकर मारली. रुई असती तर उडाली असती. हे हललं नाही. नखाने खरवडलं. रुई दाबली तर रुईच राहते. हे चिरडलं आणि बोटाला चिकट ओल लागली. पानं हाताला गुळाच्या ढेपेसारखी चिकट लागत होती. डब्याच्या कडेवरून मुंग्यांची रांग वर जात होती, पोटभर खाऊन परत येत होती. आणि मग त्या पांढऱ्यातला एक ठिपका, अंगावर पिठाची चादर ओढलेला, आपल्या बारीक पायांनी निवांत चालत देठावरून दुसऱ्या पानाकडे निघाला.

रुई चालायला लागली होती.

कलावतीच्या तोंडून जो शब्द निघाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. कीड आहे ही. जिवंत कीड. मिरचीचा रस पिते आहे, आणि आपण हिच्यापायी अख्खी चाळ शेठच्या दारात उभी केली. आता कोणाला औषध विचारायचं? विचारलं की बोभाटा. बोभाटा झाला की शेठ पडदे उतरवणार, चाचा पुन्हा खोकायला लागणार, आणि कलावतीने कधीच आवाज करायचा नाही. कधीच! नळाचं पाणी गेलं तरी नाही, पगार कापला तरी नाही. मिरची बरी व्हायलाच हवी होती, आणि कशाने बरी झाली हे कोणाला कळता कामा नये.

पहिला प्रयोग रॉकेलचा. स्टोव्हमधलं काढून चिंधीने एका झाडाला पुसलं. कीड मेली. झाडही मेलं. दोन दिवसांत पानं करपून काळी पडली आणि कलावतीने ते झाड गुपचूप उपटून चुलीत घातलं.

दुसरा प्रयोग तंबाखूचा. कुठल्याशा तेलकट कागदावर तिने वाचलं होतं की तंबाखूच्या पाण्याने कीड जाते. किती तंबाखू आणि किती पाणी, तिथे भजी बसली होती. तिने दौलतची पिशवीच्या पिशवी उकळली.

संध्याकाळी दौलतने पिशवी झटकून बघितली. मग बायकोकडे बघितलं. मग जवळ येऊन हळूच वास घेतला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"काय कधीपासून?"

"खातेस ते. माझं काही म्हणणं नाही. पण निम्मी ठेवत जा."

कलावती काहीच बोलली नाही. लग्नानंतर प्रथमच ती गप्प राहिलेली बघून दौलतची खात्रीच पटली. दुसऱ्या दिवसापासून तो दोन पुड्या आणायला लागला आणि एक तिच्या उशाशी ठेवायला लागला. बिचारा.

तंबाखूच्या पाण्याने कीड थोडी गुंगली, पण उतरली नाही. शिवाय येणारे-जाणारे बघत होते, म्हणून कलावतीने डब्यांभोवती काठ्या रोवून जुनं लुगडं गुंडाळलं आणि आतच शेगडीवर काढा उकळत बसायला लागली. हा आडोसा रंगूबाईच्या नजरेतून सुटणार होता थोडाच?

"काय गो कलावते, मिरची बाळंत झाली का?"

"ऊन लागतं तिला."

"मिरचीला ऊन लागता? मंग शेगडी कशाला, आत धूर येतंय! शेक देतेस का? डिंकाचं लाडू केलंस का न्हाय?"

"रंगूबाय, तुझी मासळी नासेल. जा."

"सुकी हाय माजी मासळी. ती काय नासतंय," असं म्हणत रंगूबाईने टोपली खाली ठेवली आणि लुगडं बाजूला सारून सरळ आत शिरली. दोन बायका आणि मिरचीचे डबे, एवढ्या जागेत. कलावतीच्या एका हातात दौलतचा दात घासायचा जुना ब्रश, दुसऱ्या हातात काळपट पाण्याचं टोप. रंगूबाईने झाडाकडे बघितलं, ब्रशकडे बघितलं, आणि तिचं तोंड हळूहळू इतकं रुंदावलं की लुगड्याचा आडोसा कमी पडेल असं वाटलं.

"अगो बाय... ही रुई न्हाय."

"हळू बोल!"

"हा पिठ्या हाय! आमच्या शेलारला वांग्यावं पडायचा. आन् तू सगल्यांना घेऊन शेठच्या..." तिला पुढे बोलवेना. ती डब्याला धरून हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी गाळत. कलावतीचा राग आधी कानात चढला, मग नाकात, आणि मग का कोण जाणे, तीही हसायला लागली. बाहेरून बघणाऱ्याला नुसतं लुगडं हलताना दिसलं असेल.

"सांगशील?" कलावतीने विचारलं.

"बी देशील?" रंगूबाईने विचारलं.

"देईन मेले, देईन."

"मंग हा तंबाखूचा काढा फेक. नवऱ्याला दे त्याचा. कपड्याचा साबण किसून आण. आन् पयल्या मुंग्या बंद कर."

"मुंग्या काय करतात?"

"राखण! ह्याचा गोड पानी चाटतात न त्या, म्हनून ह्याला जपतात, उचलून दुसऱ्या झाडाव सुदा नेतात. त्या चालू हाईत तवर तू घासत बस जल्मभर."

मग रीतसर बाळंतपण सुरू झालं. फडताळाच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवतात, तसे डबे विटांवर चढवून पाणी भरलेल्या पराती-थाळ्यांत बसवले. रोज सकाळी साबणाच्या पाण्याची आंघोळ, बेचक्यांतून ब्रश, पानांच्या खालून बोट, मग साध्या पाण्याने धुणं. जास्त किडके शेंडे कापून जाळले, त्या शेगडीचा धूर बघून लोक विचारायचे आणि रंगूबाई रस्त्यावर उभी राहून गंभीर चेहऱ्याने सांगायची, "बालंतीन हाय आत. आवाज करू नका." कलावतीच्या घरात भाकरीला परात उरली नव्हती. दौलत बायकोला ताटात पीठ मळताना बघायचा, दात घासायला ब्रश शोधायचा, आणि तंबाखूचं व्यसन माणसाला कुठवर नेतं याचा विचार करत डेपोत जायचा.

मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच नवे शेंडे फुटले. सरळ, चकचकीत. मग फुलं आली, आणि यावेळी टिकली. एप्रिलच्या सुरुवातीला लुगडं उतरलं तेव्हा आभाळाकडे तोंड केलेल्या मिरच्या बघून चाळीने टाळ्या वाजवल्या. "बघा, रुई थांबली, मिरची हसली!" लोक म्हणाले. कलावतीने मान डोलावली. तिची मान त्या दिवशी पहिल्यांदाच थोडी वाकलेली होती.

जयंतीच्या दिवशी चाळीसमोर, कलावतीच्या डब्यांना लागूनच घातलेल्या मांडवात पंगत बसली. निळे झेंडे, ठिपक्यांच्या रांगोळ्या, आणि पहिल्या ओळीत नव्या सफारीत केसरीनाथ शेठ. त्याच्या शेजारी यासीनचाचा, न खोकता. कलावतीने स्वतः ठेचा वाढला. शेठने भाकरीचा तुकडा मोडला, लावला, खाल्ला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कान लाल झाले, डोळे भरले, कपाळावर घाम आला.

"हरलू," शेठ पाण्याचा तांब्या शोधत म्हणाला. "पडदे राहतील. हरलू गो बाय."

मांडवात आरडाओरडा झाला. रंगूबाईने कोपऱ्यातून डोळा घातला. झालं होतं. जिंकली होती. गप्प बसायचं तेवढं बाकी होतं.

तेवढ्यात पलीकडच्या चाळीतली आनंदीबाई गर्दीतून पुढे आली. हातात मिरचीची फांदी, पांढरी फेक.

"कलावतीबाई, हे बघा, आमच्याकडे पण तुमच्यासारखीच रुई! आम्ही पण आमच्या मालकाकडे पडदे मागणार. तोवर म्हटलं मिरचीला हात लावायचा नाही. सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय, कोणी काही करू नका, पडदे लागले की आपोआप बरी होते." आणि एवढं बोलून तिने ती फांदी मोठ्या कौतुकाने कलावतीच्या डब्यांवर झटकून दाखवली.

कलावतीच्या डोक्यात काहीतरी तुटलं.

"फेक ती! फेक! जिवंत आहे ते! अगं रुई नाही ती, कीड आहे! साबणाने घास, मुंग्या मार, हात काय लावायचा नाही म्हणून बसलीस! पडद्याने कुठे कीड मरते का?"

लूमवर उठणारा आवाज तो. शेवटच्या पंगतीपर्यंत गेला.

शेठचा तांब्या तोंडाशी थांबला. त्याने तो सावकाश खाली ठेवला, मिशी पुसली आणि छताकडे न बघता सरळ कलावतीकडे बघितलं.

"म्हंजे माझ्या रुईचा दोष नव्हता?"

कलावतीने पदर खोचला. आता लपवायचं तरी काय. "मिरचीच्या बाबतीत नव्हता. मी चुकले. पण चाचाच्या छातीत काय पिठ्या पडला होता का? त्याचा खोकला कशाने गेला, ते सांगा!"

"ते मना म्हाईत न्हाय. बोली रुईनं मेलेल्या मिरचीची झालती, किडीची न्हाय. मंग पडदे उद्या उतरतील."

यासीनचाचाचा घास हातातच राहिला. "सेठ," तो अगदी भाबडेपणाने म्हणाला, "उतारोगे? कल तो आप बोले, पीछेवाली शेड में भी लगाओ. बोले, गरमी में ताना इतना कम कभी नहीं टूटा."

आता गप्प बसायची पाळी शेठची होती. सुताला ओल मानवते. ओल्या पडद्यांनी शेडमधली हवा दमट राहिली, ताण्याचा, म्हणजे लूमवरचा उभा, धागा तुटायचा कमी झाला आणि ऐन उन्हाळ्यात माल वाढला. ही गोष्ट शेठ महिनाभर सफारीच्या आतल्या खिशात ठेवून होता. मिरची जगली असती काय, मेली असती काय, पडदे निघणारच नव्हते.

"म्हणजे," कलावती एकेक शब्द तोलत म्हणाली, "मी त्या लुगड्याआड बसून घासघास घासत होते, आणि तुम्ही..."

"आता तू पन खोटी, मी पन खोटा. झाला. फिटला," शेठने घाईघाईने भाकरी मोडली.

"फिटलं कसं? कीड होती ती माझी, मी घासली. पडदे तुमच्या फायद्याचे, मग बायका बादल्या का वाहतात? उद्यापासून पाणी तुम्ही मारा!"

मांडव असा उसळला की पुढचं काही ऐकूच आलं नाही. शेठने हात जोडले ते बहुतेक ठेच्यामुळे, पण लोकांनी ते कबुली म्हणून धरले. दौलत मागून हळूच पुढे आला आणि कलावतीच्या कानात म्हणाला, "म्हणजे तू तंबाखू खात नाहीस?"

"नाही हो!"

"मग ब्रश तरी परत दे."

त्याच दुपारी रंगूबाईला बी मिळालं, गेल्या साली पिकलेल्या मिरच्यांचं, मूठभर, पदरात. "बारशाचा घुगऱ्यांचा वाटा," रंगूबाई म्हणाली आणि टोपलीत सगळ्यात खाली, मासळीच्याही खाली, लपवून ठेवलं.

पाण्यासाठी माणूस ठेवायचं शेठच्या जिवावर आलं. आठवडाभर त्याने टाळाटाळ केली, पण बादल्या हलल्या नाहीत, गोणपाट वाळलं आणि ताणा तटातट तुटायला लागला. मग एका सकाळी लोकांनी बघितलं, पांढऱ्या सफारीच्या बाह्या दुमडून केसरीनाथ शेठ स्वतः स्टुलावर उभा आहे आणि हातातल्या पाइपने खिडकी भिजवतो आहे. अख्खी चाळ दारात येऊन उभी राहिली. कोणी काही बोललं नाही. बोलायचं काम ज्या बाईचं, ती मिरचीच्या डब्यांपाशी, हातात साबणाचं पाणी घेऊन उभी होती.

"शेठ," ती लूमच्या वर आवाज काढून म्हणाली, "डावी बाजू कोरडी राहिली!"